लिंबोणीचं पिंप

पिंप हलेना.

आधी एका हमालानं नुसता पायानं रेटा देऊन पाहिला. मग दोघांनी दोन बाजूंच्या दोऱ्या धरल्या, "हां, घे" म्हणत कंबर वाकवली आणि जोर लावला. दोऱ्या ताणल्या, पिंपाची निळी कड आत दबली, लिंबोणी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत थरथरली, चार पिवळी पानं खाली पडली; पिंप मात्र जागचं तसूभर सरकलं नाही. हमालांचा मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता. सकाळपासून स्वारी खुशीत होती, कारण असं घर त्यानं पाहिलंच नव्हतं: प्रत्येक बादलीला कडी, झाडं सगळी खांद्याच्या खाली, काठ्यांना बांधलेली, माती सुकवून हलकी केलेली. "ताई, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं मिळाली तर आमची पाठ शंभर वर्षं टिकेल," असं तो मघाशी म्हणाला होता आणि तिला ते, कबूल करायला काय हरकत आहे, फार आवडलं होतं. आता तो म्हणाला, "ताई, हे खाली सिमेंटनं बसवलंय का?"

"सिमेंटनं कशाला बसवेन मी? पिंप आहे ते. नीट धरा जरा."

"नीटच धरलंय. याहून नीट कसं धरायचं?"

ती खाली बसली. बसताना गुडघा वाजला आणि तिला त्याचाही राग आला. अंगणाच्या फरशीला गाल टेकवून तिनं पिंपाच्या बुडाखाली पाहिलं. तिथं नुसता अंधार होता आणि ओलसर, कोंदट वास. मग तिनं खुरपं फटीत सारलं. ते मध्येच कशाला तरी अडलं, पण दगडाला अडतं तसं नाही. अडलं, जरा दबलं आणि पुन्हा मागे आलं. तिनं दोघांना पिंप एका अंगानं होईल तेवढं कलतं करायला लावलं. बोटभर फट उघडली आणि तिला ते दिसलं. मूळ. बुडाच्या भोकातून बाहेर पडलेलं, भोक फाडून स्वतःला हवं तेवढं मोठं करून घेतलेलं, तिच्या मनगटाएवढं जाड, आणि दोन फरश्यांच्या सांध्यातून सरळ खाली जमिनीत गेलेलं. एका बाजूची फरशी त्यानं नखभर उचललीसुद्धा होती. हमालांनी पिंप सोडलं तसं ते धपकन पुन्हा आपल्या जागी बसलं. ती तशीच खाली बसून राहिली. आधी तिला वाटलं की हे शक्यच नाही, आणि मग वाटलं की शक्य नाही तर मग हे आहे काय, आणि मग तिच्या डोक्यात हळूहळू काहीतरी तापायला लागलं.

कारण कुंड्या दर रविवारी फिरवल्या जायच्या. जग इकडचं तिकडे झालं तरी. तिच्या घरात देव्हारा नव्हता, उपासतापास नव्हते, पण रविवारी सकाळी प्रत्येक कुंडी उचलायची, पाव फेरा फिरवायची, खालची फरशी पुसायची आणि बुडाच्या भोकात बोट घालून बघायचं. पांढरं टोक लागलं की नखानं खुडायचं. भाड्याच्या घरात डाग पडला की घरमालक तोंड वाकडं करतात, हे झालंच. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण पहिल्या गावाचं होतं. नवरा पूल बांधणाऱ्या खात्यात इंजिनिअर. लग्नानंतरच्या पहिल्या घराला मागे चांगली हातभर रुंद, लांबलचक जमीन होती, आणि ती वेडी, चोवीस वर्षांची, तिनं तिथं ओणवं होऊन होऊन गुलाब लावले, कुंपणावर वेल चढवला, पेरूचं रोप आणून खड्ड्यात बसवलं. वर्षही झालं नव्हतं. नवरा एका संध्याकाळी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "बदली झाली." गुलाब कळ्यांवर होते. तिनं त्यातला एक उपटून न्यायचा प्रयत्न केला आणि तो वाटेतच ट्रकमध्ये काळा पडला. पुढच्या गावी पोचल्यावर तिनं रंगाची एक रिकामी बादली आणली, तापलेल्या सळईनं तिला भोकं पाडली आणि ठरवून टाकलं की आता जमिनीत काही लावायचं नाही. एक दाणासुद्धा नाही. मातीची कुंडी नको, ती ट्रकमध्ये फुटते. नुसती माती नको, जड होते. अर्धी माती, अर्धा नारळाचा भुसा आणि खत. भाजी लावायची ती अशी की हुकूम आला तरी जायच्या आधी ताटात पडेल. निघायच्या आधी आठवडाभर पाणी तोडायचं. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं, प्रत्येक गावात एकेक गोष्ट हातची गमावून ती शिकली होती, आणि पुढे पुढे तर इतकी तरबेज झाली की खात्यातल्या बायका बदली झाली की तिला विचारायला यायच्या.

लिंबोणी तिसऱ्या गावची. वीतभर होती. तेलाच्या डब्यातून बादलीत, बादलीतून टबात, आणि इथं आल्यावर या निळ्या पिंपात, जे नवऱ्यानंच पुलाच्या कामावरून आणून अर्धं कापलं होतं. इथं आल्या आल्याच तिचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, केस विंचरता येईनात. तेव्हा तिनं बाकीच्या कुंड्या डाव्या हातानं कशाबशा सांभाळल्या आणि हे एकच पिंप नवऱ्याकडे सोपवलं. आयुष्यात घरातलं एवढं एकच काम तिनं त्याच्याकडे मागितलं होतं. दर रविवारी ती आतून विचारायची, "पिंप फिरवलं का हो?" आणि तो बाहेरून म्हणायचा, "फिरवलं." वर उघडं आभाळ होतं, उजेड सगळीकडून सारखा, झाड कुठं कलायचं कारण नव्हतं. तिनं एकदाही जाऊन पाहिलं नाही. खांदा बरा झाल्यावरही नाही. ते त्याचं काम होतं, आणि त्याचं एखादं काम आहे याचंच तिला इतकं अप्रूप होतं की त्यात नाक खुपसावंसं वाटलं नाही.

"अहो!" तिनं हाक मारली. "जरा बाहेर या."

नवरा चहाचा कप घेऊन दारात आला. घरातला सगळा चहाचा सरंजाम तिनं स्वतः खोक्यात भरून चिकटपट्टी लावली होती, तरी यानं कुठून तरी कप पैदा केलाच होता.

"काय झालं?"

"पिंप हलत नाहीये. खालून मूळ गेलंय. जमिनीत."

"हं," नवरा म्हणाला आणि चहाचा घोट घेतला.

त्या "हं"नं ती उभी राहिली. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, कानाला यंत्र लावायचं, "आवाज आला की बटण दाबा" म्हणून सांगायचं आणि आपण काचेच्या अलीकडे बसून एकेक बारीक आवाज सोडायचा. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस ऐकून बटण दाबतोय की आपल्या चेहऱ्याकडे बघून, हे तिला लगेच कळायचं. म्हातारे पुरुष हमखास फसवायचे. ऐकू येत नाही हे कबूल करायला नको म्हणून अंदाजानं दाबायचे. आणि काहीजण उलटे असायचे, ज्यांना स्वच्छ ऐकू यायचं पण नोकरीत सवलत हवी म्हणून दगडासारखे बसून राहायचे. पण आवाज आला की त्यांची पापणी हलायची. नवऱ्याची पापणी हलली होती. त्याला नवल वाटलंच नव्हतं.

"तुम्ही फिरवत होतात ना?"

"फिरवत होतो की. म्हणजे, अधनंमधनं."

"अधनंमधनं म्हणजे? मनगटाएवढं मूळ आहे ते! एका आठवड्यात येतं का?"

"आता काय करायचं ते बघू या ना," नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला. हा सूर तिला अगदी पाठ होता. पुलाचा खांब खचला की तो हाताखालच्या लोकांशी याच सुरात बोलायचा. "घाई करून चालायचं नाही. अशी मुळं एकदम तोडत नाहीत. अर्धं आत्ता, अर्धं पुढच्या हंगामात. तूच सांगायचीस."

तूच सांगायचीस! तिनं कपाळावर हात मारून घेतला. मुकादम मोठा समजूतदार निघाला. त्यानं हमालांना "चला, आधी पलंग घेऊ" म्हणून आत नेलं. ट्रक दारात उभा होता. दुपारच्या आत निघालं तरच दिवसाउजेडी पोचणार, आणि परवा सकाळी तिला कामावर हजर व्हायचं होतं. नुसतं हजर नाही, तर कानांच्या नव्या विभागाची प्रमुख म्हणून. हे शब्द ती अजून स्वतःशी सुद्धा दबकत म्हणायची. प्रत्येक गावात ती नव्यानं सुरुवात करत आली होती. बदलीवर आलेली बाई, आज आहे उद्या नाही, तिला कायम कोण करणार? कोपऱ्यातलं टेबल, दुसऱ्याचा डगला, तिच्याहून दहा वर्षांनी लहान कुणीतरी वरिष्ठ. जरा जम बसला, लोक नाव घेऊन विचारायला लागले, की नवरा संध्याकाळी बूट काढायचा. नव्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी मुलाखतीत विचारलं होतं, "एवढ्या नोकऱ्या का बदलल्यात?" ती म्हणाली, "मिस्टरांच्या बदल्या," आणि डॉक्टरांनी मान डोलावली, पाऊस पडला म्हणून उशीर झाला असं कुणी सांगावं आणि आपण मान डोलवावी तशी. मग त्यांनी विचारलं, "आता?" ती म्हणाली, "ते निवृत्त झालेत. आता माझी बदली." सगळे हसले. तीही हसली. घरी येताना रस्त्यात तिला इतकं हलकं वाटत होतं की एका दुकानाच्या काचेत स्वतःकडे बघून तिनं मान उडवली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो "अरे वा" म्हणाला. छान म्हणाला. मिठाईसुद्धा आणली. त्यानंतर मात्र जे काही केलं ते तिनं. नवं घर तिनं पाहिलं, ट्रक तिनं ठरवला, भांडी, कपडे, गाद्या, सगळं तिनं बांधलं. नवऱ्याचं कपाट तेवढं राहिलं होतं. "माझं मी भरतो," तो म्हणत होता. गेल्या आठवड्यात म्हणाला, काल म्हणाला, आज सकाळीही म्हणाला. तिनं अंगणातून खिडकीतून आत पाहिलं. कपाट उघडं होतं आणि आत त्याचे सदरे हँगरवर रांगेत लटकत होते, इस्त्री केलेले, एकही न काढलेला.

त्याचा अर्थ तिला कळत होता. पण कबूल करायचं नाही म्हणून तिनं फोन काढला आणि मुलीला लावला. मुलगी दूर दुसऱ्या शहरात एकटी राहायची, तिच्या घरात एक झाड नव्हतं; विचारलं की म्हणायची, "आई, मी स्वतःच बादलीत वाढलेय, मला दया येते त्यांची."

"आई, निघालात का?"

"कसले निघतोय! लिंबोणीनं मूळ धरलंय जमिनीत. तुझ्या बाबांनी एकदासुद्धा फिरवली नाही."

"मग सोड ना ती तिथंच. बाबा आहेतच की बघायला."

"बाबा आहेत म्हणजे?"

"म्हणजे... बाबा म्हणाले की तू पुढे जाणार, आणि ते तिथलं सगळं आवरून नंतर येणार. तुला माहीत नाही?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "माहीत आहे गं, विसरले. घाईत आहे. ठेवते."

तिनं फोन पदरात पुसला, उगीचच, त्याला काही लागलं नव्हतं. म्हणजे मुलीला माहीत. कदाचित सकाळी याच्याबरोबर फिरायला जाणाऱ्या चार म्हाताऱ्यांनाही माहीत असेल, आणि ज्याच्याशी हा रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळतो त्या औषधाच्या दुकानदाराला तर नक्कीच. या गावात नवऱ्याला सगळे "साहेब" म्हणायचे. नदीवरचा पूल त्याचा होता. तो रस्त्यानं चालला की लोक थांबून बोलायचे. तिनं या सगळ्याकडे कौतुकानं पाहिलं होतं, भाबड्यासारखं. आता तिला वाटलं, पुलाला मिठी मारून बस जा.

नवरा अजून दारातच होता. कप रिकामा झाला होता तरी तो धरून उभा.

"तुम्ही नंतर येणार आहात म्हणे."

"पोरीनं सांगितलं का?" तो म्हणाला. मग पायरीवर बसला. "अगं, घराचं थोडं काम आहे. रंगाचं. भाड्याच्या घराची चावी द्यायची. आणि आता हे झाडाचं पण..."

"झाडाचं तुम्हाला आज कळलं का?"

त्यानं रिकाम्या कपात पाहिलं.

"कधी कळलं?"

"पहिल्या वर्षी," नवरा म्हणाला. त्यानं कप पायरीवर ठेवला आणि कपाचा कान नीट आपल्याकडे वळवला. "आधी मी खरंच विसरलो. दोन-तीन रविवार. मग एकदा फिरवायला गेलो तर ते जरा चिकटल्यासारखं वाटलं. वाकून बघितलं. पेन्सिलीएवढं होतं. तोडायला गेलो आणि... नाही तोडलं."

"का?"

"काय माहीत. बरं वाटलं."

"बरं वाटलं!"

"हो, बरं वाटलं. मग दर रविवारी तू विचारायचीस आणि मी फिरवलं म्हणायचो. वाटायचं, बघू, कुठं जायचंय आता."

दर रविवारी! ती पिंपाच्या कडेला टेकली. इतक्या रविवारी याच्याकडून हा एक शब्द तिनं ऐकला होता आणि आतल्या आत सुखावली होती, की आमच्या घरात निदान एवढं तरी दोघं मिळून करतो. आणि हा बाहेर काय करत होता? उभा राहून वर आभाळाकडे बघत असेल. तिला त्याला गदगदा हलवावंसं वाटलं. "मग तोंडानं सांगायचं की!" ती ओरडली, आणि आत पलंगाचे पाय सोडवणारे हमाल एकदम गप्प झाले हे तिला ऐकू आलं. "मला नाही यायचं, एवढं म्हणायला काय होतं? जीभ झडली असती? महिनाभर मी खोकी भरतेय, तुम्ही चिकटपट्टी कापून देताय, नव्या घरात तुमची खुर्ची कुठं ठेवायची ते विचारलं तर म्हणालात खिडकीपाशी! खिडकीपाशी म्हणालात की नाही?"

"म्हणालो."

"मग?"

"तू तरी कधी बोललीस?" नवरा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "एवढ्या वेळा गेलो आपण. एकदा तरी म्हणालीस, नाही यायचं? मला वाटायचं तुला आवडतं. नवीन गाव, नवीन घर. किती हुशारीनं सगळं करायचीस. मी तर सगळ्यांना सांगायचो, हिला बागेचा भारी नाद आहे, कुठंही न्या, हिची बाग हिच्याबरोबर."

बागेचा नाद. बरोबर आहे, असंच तो सांगायचा, जेवायला आलेल्या पाहुण्यांना गच्चीवर नेऊन, कौतुकानं, आणि ती ट्रे घेऊन मागे उभी असायची. आणि तिला काय वाटायचं? की हे दिसतंय ना त्याला. एवढी बादल्यांची रांग, प्रत्येकीला कडी, एकाही झाडाचं मूळ जमिनीला नाही. आल्यागेल्याला दिसतंय, दूधवाल्याला दिसतंय, मग याला दिसणार नाही असं कसं होईल? रोज सकाळी दार उघडलं की समोर तेच. तिनं जमिनीत दाणा टाकला नाही तो काही नादापायी नाही. तो राग होता, धडधडीत राग, तिनं तो पाणी घालून वाढवला होता, आणि त्या माणसानं त्याची फुलं काढून टेबलावर ठेवली होती. तिला वाटत होतं आपण ओरडतोय. काचेच्या अलीकडे बसून आपण एवढे आवाज सोडले आणि यंत्राची पिनच लावलेली नव्हती. पाचव्या गावातली संध्याकाळ तिला आठवली. तिथं तिला खरोखर कायम करणार होते, मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं होतं, आणि त्याच आठवड्यात नवऱ्यानं बूट काढले. ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारी गेली आणि मुळ्याच्या बादलीतली अर्धी कोवळी रोपं उपटून आली, उगाच, विरळणी करायची आहे म्हणून. एवढंच केलं होतं तिनं. मुळ्याची विरळणी. आणि वर मनात धरून बसली की याला कळत कसं नाही.

म्हणजे मी पिंपानं बोलत होते आणि हाही पिंपानंच बोलला, असं तिच्या मनात आलं, आणि तिला दोघांची इतकी चीड आली की ती ताडकन उठली. या माणसाला समजून घ्यायचं तिच्या अगदी तोंडाशी आलं होतं. आणखी थोडा वेळ त्या पायरीकडे बघत राहिली असती तर घेतलंच असतं समजून. तिला ती सवय होती. ट्रक परत पाठवला असता, नव्या इस्पितळात फोन करून जरा अडचण आहे म्हणाली असती, आणि अर्धं मूळ आत्ता, अर्धं पुढच्या हंगामात. ती आत गेली. हत्यारांची पेटी अर्थातच भरलेली नव्हती, ती त्याच्या कपाटाखालीच होती. तिनं करवत काढली.

"काय करतेस?"

"धरा हो हे," तिनं मुकादमाला सांगितलं. "एका अंगानं कलतं करा. मघासारखं."

"आम्ही कापून देतो की ताई."

"नको. तुम्ही फक्त धरा."

ती फरशीवर आडवी झाली. उजवा खांदा वर येईल अशी, आणि लगेच कळलं की उलटं पडायला हवं होतं, पण आता कोण उठणार. करवत आधी नुसतीच साल खरवडत घसरली. मग खाच पडली. मूळ बाहेरून मातकट होतं, आतून पांढरंफटक आणि ओलं, आणि पहिल्याच दोन ओढींत त्याचा वास आला. लिंबाचा नाही, कच्च्या लाकडाचा, किंचित कडवट, हाताला चिकटून राहणारा. खांद्यातून कळ मानेत चढली. पात्याला जागाच पुरत नव्हती, दर ओढीला ते फरशीवर खरखरायचं. वरून नवरा काहीतरी म्हणत होता. मरेल गं ते. अगं, फळावर आहे. एवढं जोरात नको. तिला स्वच्छ ऐकू येत होतं. तिला रडू येत होतं का? येत होतं, पण ते दुखण्याचं होतं, निदान अर्धं तरी. झाडावर तिचा काही राग नव्हता. झाडानं झाडाचं काम केलं होतं. वीतभर असल्यापासून तिनं त्याला कडेवरच्या पोरासारखं वागवलं होतं आणि ते जिथं सोडलं तिथं उभं राहिलं, त्यात त्याचा काय दोष? "सॉरी गं बाई," ती पुटपुटली आणि करवत ओढत राहिली. शेवटचा धागा तुटला तेव्हा पिंप एकदम उसळलं आणि हमाल मागे धडपडले.

"सुटलं!" मुकादम ओरडला. दोघांनी लगेच दोऱ्या धरल्या, पिंप उचललं आणि तोंड दाराकडे केलं.

"तिकडे नाही," ती उठून बसत म्हणाली. तिच्या गालाला माती लागली होती. "भिंतीपाशी ठेवा. त्या सावलीत."

"ट्रकमध्ये नाही घ्यायचं?"

"इथंच राहू दे."

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. साहजिक होतं; एवढा आटापिटा करून सोडवलेली वस्तू कुणी चार पावलांवर ठेवतं का? त्यांनी पिंप भिंतीपाशी ठेवलं आणि मुकादमानं पुन्हा त्यांना आत पिटाळलं. ती उभी राहिली, साडीला हात पुसले आणि नवऱ्यासमोर गेली. तो पायरीवरून उठला होता. तो झाडाकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा लहान मुलाचं काहीतरी मोडल्यावर होतो तसा झाला होता, पण तिनं ठरवलं होतं की त्या चेहऱ्याकडे बघायचं नाही.

"आता झाडाचं कारण नाही," ती म्हणाली. "रंगाचं मी माणूस सांगितलाय, तो उद्या येतोय. चावी शेजारी द्यायची ठरलीय. काही शिल्लक नाही. आता सांगा. येताय का?"

नवऱ्यानं आत कपाटाकडे पाहिलं. मग अंगणाकडे. मग बऱ्याच वेळानं तिच्याकडे.

"तिथं मी कोण गं?" तो म्हणाला. "दिवसभर काय करू? सगळे विचारणार, तुम्ही काय करता? मी तुझ्या मागे आलेला..."

"मीही तेच होते. प्रत्येक गावात."

"हो," तो म्हणाला. "म्हणूनच." आणि मग तो ते बोलला. मान खाली घालून नाही, तिच्याकडे बघून, हमाल आतून गादी घेऊन बाहेर येत होते त्यांच्यादेखत बोलला. "मला नाही यायचं."

ती वाट पाहत राहिली. तिला वाटलं होतं की हे शब्द आले की काहीतरी कोसळेल. आवाज होईल. गादी घेतलेले हमाल "सरका, सरका" म्हणत दोघांच्या मधून गेले आणि ती सरकली, तोही सरकला. दारात ट्रकवाला आरशावर फडकं मारत होता. नवऱ्यानं एक मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले. तो दहा वर्षांनी लहान दिसायला लागला, आणि तिला त्याचा इतका हेवा वाटला की रागसुद्धा क्षणभर बाजूला झाला.

"बरं," ती म्हणाली.

मग तिनं त्याला सगळं सांगितलं, कारण न सांगून चालण्यासारखं नव्हतं. गादी एक उतरवून घ्या, चावी तुमच्याकडेच ठेवा, घरमालकाशी तुम्ही बोला. झाडाचा वरचा तिसरा हिस्सा पाला आजच छाटा, खाली मूळ राहिलं नाही, एवढा भार त्याला झेपणार नाही. फळं सगळी काढून टाका, कितीही वाईट वाटलं तरी. पाणी बेतानं. ऊन नको. नवीन पालवी आली तर जगलं म्हणायचं. नवरा मान हलवत ऐकत होता आणि या वेळी खरंच ऐकत होता, पापणीसकट. "तू पोचलीस की फोन कर," तो म्हणाला. "करीन." "औषध घेतलंस का बरोबर, खांद्याचं?" "घेतलंय." तो दरवाजापर्यंत आला, ती ट्रकच्या पायरीवर चढताना त्यानं तिच्या कोपराला हात दिला, आणि तिनं तो घेतला, कारण पायरी उंच होती.

ट्रक वळला. मागे बादल्या एकमेकींवर आपटल्या आणि तिनं सवयीनं मागे वळून पाहिलं, पण सगळं तिनंच बांधलेलं होतं, काही सुटणार नव्हतं. ती समोर बघत बसली. तिला वाटलं होतं आता रडू येईल, पण आली ती नुसती चीड, डोक्यापर्यंत, आणि ती नवऱ्यावर नव्हती. एवढंच? एवढंच होतं ते? तीन शब्द. पहिल्या गावात गुलाब कळ्यांवर असताना म्हणता आले असते. पाचव्या गावात तर उभ्या उभ्या म्हणता आले असते, मुळ्याची रोपं न उपटता. नवरा एवढासा चेहरा करून उभा राहिला असता, हमाल गादी घेऊन मधून गेले असते, कुणीतरी "बरं" म्हणालं असतं, आणि कुणी मेलं नसतं.

"मला नाही यायचं," ती मोठ्यानं म्हणाली.

ट्रकवाल्यानं दचकून ब्रेकवर पाय ठेवला. "काय म्हणालात, ताई? थांबू का?"

"नाही, नाही. तुम्हाला नाही म्हणाले," ती म्हणाली. "चला तुम्ही."